खडूचा चौकोन

हिंगण्याच्या एमआयडीसीत, शेडमागच्या ऑफिसात
मला पहिल्यांदाच खुर्ची दिली.
एकवीस वर्षांत त्या खोलीत मी दोनदाच गेलो होतो,
एकदा कूलर दुरुस्त करायला,
एकदा मेमो घ्यायला.

टेबलावर नकाशा, चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप,
कूलरच्या हवेनं उडू नये म्हणून.
बैस मॅडम म्हणाल्या, पोळ्याच्या आसपास नवा प्रेस येतो आहे,
हेडाऊ, तुम्ही सांगा, कुठं ठेवायचा?

माझे हात मांडीवर होते.
असे रिकामे बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.
नखांत ग्रीस, आणि बोट नकाशावर टेकवावं की नाही
हेच ठरेना.

मग म्हटलं, मॅडम,
हा काढला तसा ठेवला तर त्याची पाठ दाराकडं येते.
मे महिन्यात भरदुपारी पत्र्याखाली उभं राहून पहा एकदा,
दारातून येते तेवढीच हवा.
शिवाय फुलचंदची ट्रॉली इथं वळत नाही.
कागदावर वळते.
शेडमध्ये तिला चार फूट जास्त लागतात,
तिचं डावं चाक आठ वर्षांपासून अडतं.

हे चाक कुठल्याच नकाशात नव्हतं.
इंजिनिअर पोरानं खोडरबर काढलं.
चार फूट.
इतकं सोपं होतं ते.
रबराचा चुरा त्यानं फुंकला, तो माझ्या चहात पडला.
मी प्यायलो.

बाबा मिलमध्ये होते.
तुटलेला धागा न पाहता जोडायचे,
गाठ बोटाला लागायची नाही.
एक दिवस गेटवर कागद चिकटवला.
तो वाचून दाखवायलाही कुणी बोलावलं नाही त्यांना,
विचारायचं तर दूरच.
मग गोळीबार चौकात पंक्चर काढायचे,
आणि संध्याकाळी शर्टाच्या सुटलेल्या दोऱ्याला
बोटं आपोआप गाठी मारत बसायची.
एवढं बारीक काम येणारा माणूस
चाळिशीत ‘काही येत नाही’ झाला.

म्हणून मी उठलो नाही.
म्हटलं, जागेचं झालं, आता माणसाचं बोला जी.
हा प्रेस पडद्यावर चालते,
तिघांचं काम एकटा करते.
उरलेले दोघं कुठं ठेवता? त्यांचा बी नकाशा काढा.
मले एक्कावन लागलं. मले शिकवा.
प्रेस आल्यावर नाही, येण्याच्या आधी.
अन् शिकल्याचा कागद द्या,
उद्या तुमचं गेट बंद झालं तं
दुसऱ्या गेटवर दाखवाले.

कोणी बोललं नाही.
कूलर तेवढा चालू होता, मी दुरुस्त केलेला.
मॅडमनी लिहिलं: नोंद घेतली.

घरी मुलीला विचारलं, नोंद म्हणजे हो असते की नाही?
ती म्हणाली, मधलं असते बाबा,
मागं लागावं लागते.
रोज रात्री ती मला दशांश चिन्ह शिकवते.
अर्धा मिलिमीटर मला बोटाला कळतो,
लिहिलेला दिसला की अनोळखी वाटतो.

आता शेडमध्ये खडूनं चौकोन आखला आहे,
चार फूट सरकवून.
प्रेस यायचा आहे अजून,
तरी सगळे त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जातात,
डबा खायला जातानाही.
मीही. जरा जास्तच मोठा वळसा.

मनिराम उईके तेवढा ट्रॉली घेऊन सरळ आत शिरला.
ठेकेदाराचा माणूस, त्याला कोण बोलावणार मीटिंगला.
मी ओरडलो, अबे, रेघ पुसून राहिली ना!
तो मधोमध थांबला.
फुलचंदची ट्रॉली म्हणता सारे, म्हणाला,
ढकलतो तं मी.
अन् हेडाऊभाऊ,
अडते ते उजवं चाक.

मी खाली बसून पाहिलं.

उजवंच.